वर्षभरातली दोन पुस्तकं

चेन्नईहून बोलतोय. पंख्याची घरघर ऐकू आली तर सांभाळून घ्या, इथे तो बंद करता येत नाही.

यंदा मनात घर केलं ते गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ने. छापलं गेलं १९०७ साली. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा हा गावात होता. फौजेत आम्ही वेढा शिकलो तो तटाबाहेरून : तोफा कुठे, रसद कुठून. भटजी सांगतात ती आतली गोष्ट. लूट, जाळपोळ, जीव मुठीत धरून लपणं.

निराशा केली ती एका निवृत्त जनरलसाहेबांच्या आत्मचरित्राने. नाव घेत नाही. नुसत्या बदल्या आणि मेजवान्या. जवान फक्त फोटोत.

नातवाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून रोज रात्री भटजी मोठ्याने वाचतो. रोजच्या फौजेत मद्रास सॅपर्सही होते, हे त्याला मीच सांगितलं.

“मग आजोबा, तुम्ही तेव्हा असता तर आत असता की बाहेर?”

अजून उत्तर दिलेलं नाही.