देवाला सारे शक्य, म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) क्रांती चौकातला काळा चबुतरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जून 1857 मध्ये इथल्या छावणीतल्या घोडदळाने इंग्रजांविरुद्ध बंड केले. पकडलेल्यांपैकी अनेक सैनिकांना देहान्त शिक्षा झाली. त्यांच्या बलिदानाची जागा म्हणून हा चबुतरा ओळखला जातो. सर्वशक्तिमान देवाला ते बलिदान घडलेच नव्हते, असे करता येईल का?

तो त्या वीरांना सद्गती देईल, पुन्हा जिवंतही करील. पण पुन्हा उठायला आधी मरावे लागते. जे घडले, ते घडलेही आणि घडले नाहीही, असे करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

बगदादला शिकवणारे इमाम गझाली अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहून गेले, की कापूस जळतो तोही देवाच्या इच्छेने. त्याने ठरवले तर आगीतला कापूस जळणार नाही. देवाचे एवढे सामर्थ्य मानणाऱ्या गझालींनीही, एकच गोष्ट एकाच वेळी असणे आणि नसणे, हे अशक्यच ठरवले. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनस यांनीही तेच मानले. त्यांच्या मते यात देवाला उणेपणा येत नाही, कारण परस्परविरोधी शब्द जोडले, तर त्यातून करण्याजोगे काम उभेच राहत नाही. उलट फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी 1630 च्या पत्रांत गणिताची सत्येही देवानेच घालून दिली, म्हणजे ती त्याला वेगळीही ठेवता आली असती, असे मांडले.

मला गझालींचे पटते. तर्क मोडता येत असेल, तर 'देव दयाळू आहे' आणि 'देव दयाळू नाही' ही दोन्ही वाक्ये एकदमच खरी होतील. मग भक्ताने भरवसा ठेवायचा कशावर?

आपल्या पैठणच्या संत एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांच्या श्रद्धेतली विसंगती दाखवतात. देव सगळीकडे असेल, तर एकाच दिशेला तोंड का करायचे, असा सवाल येतो. दोघांचे देव निराळे वाटतात, पण देवाविषयीचे बोलणे सुसंगत हवे, ही अट दोघांनाही मान्य आहे. म्हणूनच भांडण संवादापर्यंत पोहोचते आणि शेवटी समेट होतो.

'देवाला सारे शक्य' असे म्हणून आपण पुष्कळदा समोरच्याचा प्रश्न मिटवून टाकतो. प्रश्न विचारणाऱ्याला नीट उत्तर देणे, हाही श्रद्धेचाच भाग आहे, असे मी मानतो.