अन्नछत्रांच्या वाटेवर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी रूढी आहे. ते काम आपले चिटणीस माझ्याहून अधिक अधिकाराने करतील. मी एका रविवारच्या मोटारसायकल-सहलीची हकिकत सांगण्यासाठी उभा आहे. केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकलेल्या, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने तरुणांच्या टोळीत शिरून सव्वाशे किलोमीटर फटफटीवर जावे, हा आमच्या घरी चेष्टेचा विषय झाला होता; आणि ती चेष्टा अगदीच अस्थानी नव्हती.

टोळी आपल्यापैकीच काहींची. विटा-खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इकडे आलेल्या गलाई बांधवांची चार मुले, माझ्या कार्यालयातील काही तमिळ सहकारी, आणि एक माझ्याच वयाचे गृहस्थ, ज्यांच्याविषयी पुढे बोलावयाचे आहे. माझी बुलेट तरुणपणी कार्यालयातून वाहन-अग्रिम काढून घेतलेली. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे या गाडीचा कारखाना निघाला, त्यामुळे या प्रांतातल्या खेड्यातल्या मिस्त्रीलाही तिची नाडी कळते. तेवढ्या भरवशावर मी निघालो.

अशा सहलीला काही शिस्त असते. वाट माहीत असणाऱ्याने सर्वांत पुढे राहावयाचे; मधल्यांनी एक डावीकडे, एक उजवीकडे, असे अंतर राखून चालावयाचे; पुढच्याला ओलांडावयाचे नाही; वळण आले की मागचा दिसेपर्यंत थांबावयाचे. आणि सर्वांत मागे असा एक जाणता मनुष्य ठेवावयाचा, की ज्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. ही मागची जागा त्या गृहस्थांकडे होती. इकडे ज्यांना 'रायर' म्हणतात, त्या तंजावरी मराठी घराण्यांपैकी ते एक. त्यांना पाहताच मी संकोचलो. कारण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे एक पत्र मंडळाकडे आले होते. घरातील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेल्या साक्या आणि दिंड्या गणेशोत्सवात म्हणण्याची संधी मिळावी, एवढीच विनंती होती. कार्यकारिणीने ते माझ्याकडे अभिप्रायार्थ पाठविले. पत्रातील मराठी मला विचित्र वाटली, आणि सवयीप्रमाणे मी शेरा मारला : "भाषा प्रमाण मराठी नसल्याने विचार करता येत नाही." खाली सही आणि तारीख. विषय संपला.

कुंभकोणम्‌हून आम्ही पहाटे निघालो. पोंगल होऊन गेला होता, सांबा हंगामाच्या भाताची कापणी चालू होती. वलंगैमान मागे पडले, नीडामंगलम् आले. येथे वेण्णारू नदी तीन प्रवाहांत विभागते. कावेरीचे पाणी कसे हिशेबाने वाटले जाते, ते पाहावयाचे तर या जागी थांबावे. आमच्या मुलांनी तेथे छायाचित्रे काढण्यात अर्धा तास घालविला, मला त्याचे दुःख नाही.

मन्नारगुडी सोडल्यावर अपघात झाला. या भागात शेतकरी धान्य वाळविण्यासाठी डांबरी रस्त्यावर पसरतात. अर्धा रस्ता भाताने व्यापलेला, त्यावर पेंढा. मी शिस्त विसरून पुढच्याला ओलांडू पाहिले आणि पेंढ्यावरून चाक घसरले. पुढची मंडळी दूर निघून गेली होती. मागून एक गाडी थांबली. त्यांनी आधी माझा पाय तपासला, मग माझी बुलेट उभी केली, वाकलेला हँडल सरळ केला, आणि तमिळच्या हेलात, पण स्वच्छ मराठीत विचारले, "लागलं नाही ना, सार?" माझ्या तोंडून काही वेळ शब्द निघाला नाही. त्यांनी मला ओळखले होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी कधी बोलून दाखविले नाही.

दुपारी ओरत्तनाडूला पोहोचलो. येथील मुक्तांबा छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास बांधविले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजांनी १८०१ साली रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे : रामेश्वरच्या यात्रेकरूंस जातपात न पाहता अन्न, आजाऱ्यांस औषधोपचार, मुलांस शिक्षण. राज्य गेल्यावर राजा कशासाठी लेखणी उचलतो, यावरून त्याची पारख करावी, असे मला वाटते. आपण 'अन्नछत्र' म्हणतो, इकडचा खेडूत 'सत्तिरम्' म्हणतो, शब्द एकच.

सावलीत डबे उघडले. त्या गृहस्थांच्या डब्यात डांगर पच्चडी होती. उडदाचे पीठ, दही, वर फोडणी. माझी आई उन्हाळ्यात हेच डांगर करीत असे. मी विचारले, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" ते म्हणाले, "डांगर. आणखी काय म्हणणार?" गलाईकडची मुले हसली. मी घास घेतला आणि तीन वर्षांपूर्वीचा शेरा घशात अडकला. ज्या शहाजीराजांनी विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'च्या (१८४३) सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरात मराठी नाटके लिहिली, त्यांच्या दरबाराची भाषा बोलणाऱ्या माणसाला मी प्रमाणपत्र नाकारले होते. आणि माझी पात्रता काय, तर बी. ए., तेही दुसऱ्या वर्गात.

संध्याकाळी पट्टुकोट्टैवरून समुद्रकाठच्या मनोऱ्यापाशी गेलो. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजींनी १८१४ मध्ये हा षट्कोनी मनोरा उभारला. आपले राज्य घेणाऱ्यांच्या विजयाचा मनोरा! यावर तरुणांत वाद पेटला. मी त्यात पडलो नाही. तेथे इतर भाषांबरोबर मराठीतही लेख आहे. तो वाचताना गलाईच्या मुलांपैकी एकजण अडखळला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या रायरांनी हळूच शब्द पुरविला.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. मी आपणहून शेवटून दुसऱ्या जागी राहिलो. आरशात त्यांच्या गाडीचा दिवा सारखा दिसत होता. मी हळू झालो की तोही हळू होई.

दुसऱ्या दिवशी कपाटातून ती जुनी फाईल काढली. सरकारी नियमाप्रमाणे जुना शेरा खोडता येत नाही, त्याखाली नवा लिहावा लागतो. मी तो लिहिला, आणि कार्यकारिणीने विनाचर्चा मान्य केला, याबद्दल आभार मानतो. त्या घरातील चार स्त्रिया आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर त्यांच्या दिंड्या आहेत, आणि मी आधीच त्यांची पाच मिनिटे घेतली आहेत.