पोस्टरवरची माणसे



प्राण्यांसाठी भांडणे मुंबईला नवे नाही. 1832 साली पोलिसांनी भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा कोटातले पारशी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली आणि दंगल आवरायला लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांत भुलेश्वरला पांजरपोळ उभे राहिले. जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद हे त्यातले पुढाकार घेणारे. 1874 मध्ये प्राण्यांवरचे क्रौर्य रोखणारी संस्था निघाली आणि पुढच्या दशकात पेटिट घराण्याच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय झाले. अशा शहरात यंदाची प्राणिहक्क परिषद स्वतःच्याच घरात डोकावणार आहे. विषय आहे प्राणिहक्कांच्या चळवळीतला वंशभेद आणि तिच्यातली अपंगांविषयीची तुच्छता.

कत्तलखाने, कोंबड्यांचे पिंजरे, प्रयोगशाळा हे सगळे समोर असताना हा विषय कशाला, असे काही कार्यकर्त्यांनी परिषदेच्या स्वागत समितीला विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

लंडनमध्ये 1824 साली प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत विल्यम विल्बरफोर्स आणि थॉमस फॉवेल बक्स्टन होते. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी मोडण्यासाठी आयुष्य घालवणारीच ही माणसे. घोड्यावरचा चाबूक आणि गुलामावरचा चाबूक त्यांना एकाच हातातला दिसत होता.

त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये काय घडले ते पाहा. सप्टेंबर 1906 मध्ये ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात एक माणूस लोकांना दाखवण्यासाठी ठेवला गेला. ओटा बेंगा हे त्याचे नाव. काँगोतल्या जंगलातला हा तरुण ओरांगउटानच्या शेजारी उभा असे आणि त्याला पाहायला हजारोंनी गर्दी लोटे. संग्रहालयाचे प्रमुख विल्यम हॉर्नडे यांना त्यात काहीही वावगे वाटले नाही. हे हॉर्नडे क्रूर शिकारी नव्हते. अमेरिकन बायसन नामशेष होण्यापासून वाचवणाऱ्यांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेचे एक कर्तेधर्ते होते मॅडिसन ग्रँट. रेडवुडची झाडे वाचवणाऱ्या या गृहस्थांनी गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावर ग्रंथ लिहिला. पिंजऱ्याविरुद्ध आवाज उठवला तो ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णीय अनाथाश्रमाचे रेव्हरंड जेम्स गॉर्डन आणि त्यांचे सहकारी पाद्री यांनी. बेंगाची सुटका झाली, पण मायदेशी परतणे त्याला जमले नाही. 1916 मध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने जाहीर माफी मागितली ती 2020 साली.

हे लक्षात ठेवले की पुढचे कळते. 2003 मध्ये ‘पेटा’ या प्राणिहक्क संस्थेने अमेरिकेत एक फिरते प्रदर्शन काढले. नाझींच्या छळछावण्यांतल्या हाडाच्या सापळ्यांसारख्या माणसांची छायाचित्रे आणि शेजारी पिंजऱ्यातल्या कोंबड्या, डुकरे. ज्यू संघटनांनी संताप व्यक्त केला आणि मे 2005 मध्ये संस्थेच्या प्रमुख इन्ग्रिड न्यूकर्क यांनी माफी मागितली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू हेवन शहरात त्याच संस्थेचे दुसरे प्रदर्शन लागले. या वेळी झाडाला लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांची छायाचित्रे होती आणि जोडीला कापलेली जनावरे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ने तीव्र निषेध केला. मेच्या माफीतून ऑगस्टपर्यंत काहीच शिकणे झाले नव्हते. जर्मनीत छळछावण्यांच्या चित्रांच्या जाहिरातींवर न्यायालयांनी बंदी घातली आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2012 मध्ये ती उचलून धरली.

चित्रे लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जनावराचे दुःख माणसाच्या दुःखाइतके खरे आहे, हेच त्यांना सांगायचे होते. पण ज्यांना जनावर ठरवूनच पिंजऱ्यात घातले, फासावर लटकवले, त्यांच्या नातवंडांना न विचारता ती तुलना भिंतीवर चिकटवणे ही पुन्हा एकदा त्यांचे शरीर वापरणे होते. त्या पोस्टरांनी कोंबड्यांचे पिंजरे उघडले नाहीत. दारे मात्र बंद केली, आणि तीही अशा लोकांसाठी, ज्यांची या कामातली परंपरा मोठी आहे. नागरी हक्कांच्या लढ्यातले विनोदकार डिक ग्रेगरी 1960च्या दशकातच अहिंसेच्या विचारातून मांसाहार सोडून बसले होते. ए. ब्रीझ हार्पर यांनी कृष्णवर्णीय वीगन स्त्रियांचे लेखन 2010 मध्ये ‘सिस्टा वीगन’ या पुस्तकात एकत्र केले. ही मंडळी आधीपासून चळवळीत होती. पोस्टर करताना त्यांना कोणी विचारले नाही.

अपंगांच्या बाबतीत तर चळवळ आणखी बेफिकीर राहिली. 2008 मध्ये ‘पेटा’ने दुधाचा संबंध ऑटिझमशी जोडणारा मोठा फलक न्यू जर्सीत लावला. आधाराला मोजक्या मुलांवरचे लहानसे अभ्यास. दुधाने ऑटिझम होतो याचा पुरावा विज्ञानाकडे नाही. पण गायीच्या वासराचे भले सांगण्यासाठी ऑटिस्टिक मुलाला बागुलबुवा करणे कोणाला खटकले नाही, ते ऑटिस्टिक लोकांच्या संघटनांना बोलावे लागले.

याहून खोल जखम तत्त्वज्ञानाची आहे. पीटर सिंगर यांच्या ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ने 1975 पासून हजारो कार्यकर्ते घडवले, या सभागृहातही त्यांचे वाचक असतील. त्याच सिंगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्या नवजात बाळाचे आयुष्य संपवण्याची मुभा आईवडिलांना असावी, असे मांडले. साउथ कॅरोलिनातल्या वकील हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन 2002 मध्ये चाकाच्या खुर्चीतून प्रिन्स्टनला गेल्या आणि तिथे त्यांनी सिंगरांशी समोरासमोर वाद घातला. आपल्या आयुष्यात सुख किती, हे बाहेरच्याने ठरवू नये, हा त्यांचा साधा आग्रह होता.

चित्रकार आणि लेखिका सुनौरा टेलर यांनी ‘बीस्ट्स ऑफ बर्डन’ या 2017 सालच्या पुस्तकात वाट काढली आहे. त्यांचे सांधे जन्मतःच आखडलेले आहेत, त्या ब्रश तोंडात धरून रंगवतात. लहानपणी मुले त्यांना माकडासारखी चालतेस म्हणत. एवढे ऐकूनही त्यांनी प्राण्यांना झिडकारले नाही. कॅनडात गोळी घालून मारलेल्या एका कोल्ह्याची हकीकत त्या सांगतात. त्यालाही त्यांच्यासारखाच सांध्यांचा विकार होता. वाकडा चालतो, आजारी दिसतो, म्हणून कोणीतरी त्याला संपवला. शवविच्छेदनात त्याचे स्नायू नीट निघाले आणि पोट भरलेले. कोल्हा आपले पोट स्वतः भरत होता. त्याच्या जगण्याला अडचण होती ती पाहणाऱ्याची. ब्रॉयलर कोंबडीचे पाय तिच्याच वजनाखाली मोडतात, कारण माणसाने तिची पैदासच तशी केली. अपंगत्व आणि पिंजरा यांचे नाते इथे दिसते, आणि ते दाखवायला टेलर यांना कोणाचे छायाचित्र उसने घ्यावे लागले नाही.

हे सगळे परदेशातले, असे म्हणून महाराष्ट्राला मोकळे होता येणार नाही. इथे वंशाच्या जागी जात आणि धर्म येतो. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. त्या बंदीत म्हैस नाही. वेदना हा निकष असता तर म्हैस वगळली गेली नसती. तरीही अनेक प्राणिप्रेमींनी त्या कायद्याचे स्वागत केले आणि भाकड बैल दावणीला असलेला शेतकरी, कुरेशी खाटीक, चामड्यावर जगणारा कारागीर यांच्याशी बोलायला कोणी गेले नाही. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून फटके मारले गेले. मेलेल्या गायीला त्यांच्यापासून कोणता धोका होता? या चळवळीने त्या दिवशी रस्त्यावर यायला हवे होते.

अस्वलवाला दरवेशी, गारुडी, माकडवाला यांचेही तेच. 1972चा वन्यजीव कायदा आणि 1998ची खेळांवरची बंदी योग्यच होती. अस्वलाच्या नाकातली वेसण कोणीही समर्थनीय मानणार नाही. पण ज्या जमातींपैकी अनेकांवर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता, त्यांच्या हातून रोजी काढून घेताना पर्यायाची जबाबदारी कोणी घेतली? आग्र्याजवळ अस्वल नाचवणाऱ्या काही कलंदर कुटुंबांना अस्वलांच्या बदल्यात दुसरा धंदा आणि मुलांना शाळा मिळाली. तसे सर्वत्र व्हायला हवे होते.

या परिषदेत व्यासपीठाला चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे, खुणांच्या भाषेचे दुभाषे आहेत, जेवण पूर्ण वनस्पतिजन्य असून प्रत्येक पदार्थावर त्यातले घटक लिहिले आहेत. आजारामुळे कोणाला वेगळे अन्न लागत असेल तर त्याने ते खुशाल आणावे. कोणीही कारण विचारू नये. उद्याच्या सत्रात ठराव मांडले जातील. ज्या ठरावाने एखाद्या समाजाच्या ताटावर, धंद्यावर किंवा शरीरावर परिणाम होणार आहे, त्यावर त्या समाजाच्या प्रतिनिधीचे म्हणणे ऐकल्याखेरीज मतदान घेऊ नये, ही स्वागत समितीची अध्यक्षांना आणि प्रत्येक प्रतिनिधीला हात जोडून विनंती आहे.