आतड्यातील गाठ आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष

(मासवण येथे पंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



कालव्याचे पाणी टोकाच्या शेतापर्यंत पोहोचले नाही, की तेथील पीक करपते, हे सूर्या नदीकाठच्या आपणांस सांगावयास नको. मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या गाठीतही असेच घडते. गाठ झपाट्याने वाढते, तिच्या अंतर्भागास रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि तेथील पेशी मरतात. यास ऊतिमृत्यू म्हणतात. गाठीचा काही भाग मेला म्हणजे रोग ओसरला, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. उपचारांपूर्वीच आढळणारा विस्तृत ऊतिमृत्यू हे गाठ आक्रमक असल्याचे लक्षण मानले जाते.

दाहाची गोष्ट निराळी. वर्षानुवर्षे टिकणारा आतड्याचा दाह कर्करोगास वाट करून देतो, हे खरे. तथापि गाठीच्या कडेला व आत लसिकापेशींची, म्हणजे शरीराचे रक्षण करणाऱ्या श्वेतपेशींची, दाटी आढळली तर ते शुभचिन्ह होय. अशा रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण सामान्यतः कमी असते.

ही साक्ष सूक्ष्मदर्शकाखाली मिळते. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली आणि आपल्या देशात कर्करोगाच्या विकृतिशास्त्राचा पाया घातला. काढलेल्या गाठीचे पातळ काप रंगवून तज्ज्ञ ते तपासतात. रोग आतड्याच्या भिंतीत किती खोल गेला, लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला काय, यांवर पुढील उपचार मुख्यत्वे ठरतात. दाह व ऊतिमृत्यू यांच्या नोंदी त्या निर्णयास पूरक होतात.

आपणांस गावोगावी दोन गोष्टी सांगता येतील. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल होणे, अकारण वजन घटणे, अशक्तपणा व रक्तक्षय ही लक्षणे मूळव्याध समजून अंगावर काढू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळीच दाखवावे. दुसरे असे, की शस्त्रक्रियेनंतरचा तपासणी अहवाल घरातील सात-बाराच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवावा आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा. "गाठ मेली आहे" असे त्यातून वाचून उपचार अर्धवट सोडणे, म्हणजे रोगास मोकळे रान देणे होय. अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडून समजून घेण्यास रुग्णाला साहाय्य करणे, हे शिक्षक व पंचायत सदस्य या नात्याने आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.