सातबाऱ्याच्या रेघा

कळंबोली म्हटली कीं आज श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें लोखंडाचा बाजार उभा राहतो. परंतु १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबई आंखली जाण्यापूर्वीं येथें भातशेती होती, आणि तिचा हिशेब सातबाऱ्यांत असे. जमीन गेली तरी तो कागद सुटला नाहीं. वारस कोण, हिस्सा कोणाचा, असा प्रश्न निघाला म्हणजे जुन्या घरांत अद्यापि ट्रंक उघडावी लागते.

गांव नमुना सात व बारा मिळून झालेला हा उतारा मुळांत एक कोष्टकच. पूर्वीं रकाने छापील असत व अक्षर तलाठ्याचें. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळूं लागला. त्यांत रेघ कोणी ओढीत नाहीं. नांवें व क्षेत्रें संगणकाच्या भांडारांत निराळीं, आणि कोठें रेघ, कोठें ठळक अक्षर, याच्या आज्ञा निराळ्या. मागणी होतांच दोहोंची सांगड पडून कोष्टक तयार होतें. मजकुरापासून मांडणी वेगळी ठेवण्याची ही रीत जागतिक जालाच्या पानांकरितां १९९६ सालीं ‘सीएसएस’ या नांवानें प्रमाण ठरली. तिचा गुण हा, कीं एक आज्ञा बदलली कीं सगळ्याच कोष्टकांचें रूप पालटतें.

सातबाऱ्याचें रूप २०२० सालीं असेंच पालटलें. तोंपर्यंत मयत खातेदाराचें नांव केवळ कंसांत घालीत. कंसाचा अर्थ कचेरींत सर्वांस ठाऊक. घरचा नातू मात्र आजोबा अजून मालकच आहेत असें समजे! नव्या नमुन्यांत अशा नांवावर व फिटलेल्या बोजावर आडवी रेघ येते. दोन खातेदारांच्या नांवांमध्येंही रेघ आली. खाते क्रमांक इतर हक्कांच्या रकान्यांतून उठून खातेदाराच्या नांवाशेजारीं बसला, हें तर फारच बरें झालें. शेतीस हेक्टर, आर, चौरस मीटर आणि बिनशेतीस आर, चौरस मीटर, अशीं एककें स्पष्ट लिहिलीं जाऊं लागलीं. आर म्हणजे १०० चौरस मीटर; गुंठ्याहून तो किंचित् लहान, म्हणून म्हातारीं माणसें त्याला खुशाल गुंठाच म्हणतात.

एक अडचण मात्र राहते. रेघ नांवाच्या अंगावरूनच जाते. छायाप्रतीची पुन्हां छायाप्रत काढली म्हणजे रेघेखालचीं अक्षरें पुसट होतात, आणि वारस लावावयास तर तेंच नांव लागतें. तेव्हां तलाठ्याच्या हातचा जुना पिवळा उतारा ट्रंकेंत राहिलेलाच बरा.