विजेच्या गाडीची बॅटरी : आग आणि वायु

लिथियम-आयन जातीची बॅटरी जपानांत १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली. आज तीच विजेच्या स्कूटरीच्या आसनाखालीं बसलेली असते. तिला आग लागल्याची वार्ता येते तेव्हां लोकांचें सारें लक्ष ज्वाळेकडे वेधतें. वास्तविक, तींतून निघणारा वायु हाच अधिक घातक.

या बॅटरीच्या प्रत्येक घटांत दोन ध्रुवांमध्यें प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ पडदा असतो आणि त्यास भिजविणारा ज्वालाग्राही द्राव. फाजील चार्जिंग, आघात किंवा घडणींतील दोष यांमुळें घट तापूं लागला कीं सुमारें १३० अंश सेंटिग्रेडवर पडदा वितळूं लागतो. ध्रुव एकमेकांस भिडतात. उष्णतेनें रासायनिक क्रिया व क्रियेनें आणखी उष्णता, असें चक्र सुरू होतें, आणि एक घट शेजारच्यास तापवितो. त्या वेळीं हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड इत्यादि वायु जोरानें बाहेर पडतात. त्यांत हायड्रोजन फ्लुओराइडहि असतो. तो फुप्फुसें जाळतो.

हे वायु कोंडले गेले तर ज्वाळा विझल्यावरहि स्फोट होतो. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत एप्रिल २०१९ मध्यें वीज सांठविणाऱ्या बॅटऱ्यांच्या कोठारांत अग्निशामक द्रव्य सोडलें गेलें, पण वायु आंतच राहिला. दार उघडल्यावर झालेल्या स्फोटांत अग्निशामक दलाचे जवान गंभीर जखमी झाले.

सिकंदराबादेस १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्रीं एका इमारतीच्या खालच्या भागांतील विद्युत्-स्कूटरींच्या दुकानांत आग लागली. वर प्रवाशांचें हॉटेल होतें. आठ जण दगावले. त्यांतील बहुतेकांचा प्राण धुरानें गुदमरून गेला.

आपल्याकडे तर गाडी चार्ज करण्यास जिन्याखालची जागाच सोयीची मानतात! पळण्याची वाटच ती अडविते. लोह-फॉस्फेटची बॅटरी उशिरां पेटते हें खरें. परंतु तिच्या वायूंत हायड्रोजन पुष्कळ असल्यानें तिला निर्धोक म्हणणें हें विक्रेत्याचें धाडस होय.

बॅटरी फुगली, फुसफुसूं लागली किंवा पांढुरकी वाफ सोडूं लागली, तर ती उचलूं नये. माणसांनीं तत्काळ बाहेर पडून दार लोटावें व अग्निशामक दलास बोलवावें. आंतली उष्णता काढण्यास पाणी पुष्कळ लागतें, आणि विझलेली बॅटरी कांहीं तासांनीं, क्वचित् कांहीं दिवसांनींहि पुन्हां पेटते. म्हणून दलाचे लोक ती इमारतीपासून दूर, मोकळ्या जागीं ठेवून तिच्यावर नजर ठेवतात.