बस आधी, इमारत मागून

१९७३मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात बससाठी राखीव मार्ग सुरू झाले. तेव्हाचे महापौर जैमे लेर्नर मुळात वास्तुरचनाकार. भुयारी रेल्वे शहराला परवडणारी नव्हती, म्हणून बस. पण खरी मेख होती बांधकामाच्या नियमांत. उंच इमारतींना परवानगी मुख्यतः याच मार्गांलगत! म्हणजे प्रवासीच थांब्यापाशी राहायला आले. १९९१पासून नळीसारख्या थांब्यांत शिरतानाच तिकीट काढायचं आणि पायरी न चढता सरळ बसमध्ये पाऊल टाकायचं. बसचा खोळंबा टळला. पुण्यात २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे अशीच राखीव मार्गांवरची बससेवा आली. मार्गिका आखल्या, त्यांत दुचाक्याही घुसल्या. घरं कुठे उभी राहावीत याची सांगड मात्र बसशी फारशी घातली गेली नाही.